सुग्रीवच्या पुढची सायकल

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीनंतर शाळा सुटली, मोठे शब्द मला येत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी मनातल्या मनात नीट करून घ्यावं, ही विनंती. क्लबच्या ग्रुपवर मी अंगठ्याशिवाय कधी काही पाठवत नाही. पण ही गोष्ट ऐकल्यापासून ती लिहून काढल्याशिवाय बरं वाटेना.

आमचा सायकल क्लब अंबाजोगाईचा. रविवारी गप्पा मारत नाश्त्यापुरतं कुठंतरी जायचं, मधूनच एखादं चॅलेंज, आणि थंडीत डोंगरातल्या कच्च्या वाटा. या जानेवारीत धर्मापुरीकडच्या डोंगरात गेलो होतो. मुक्काम तिथल्या केशरबाईंच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. जेवणं झाली आणि लाईट गेली. शेडमध्ये मी, अमरसिंह, धनश्री आणि राधाकिशन काका. काका साठीच्या पुढचे. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर सायकल धरली. सकाळच्या राईडची कामं वाटता वाटता ते मला म्हणाले, "उद्या शेपटी तू."

शेपटी म्हणजे सगळ्यात मागचा सायकलवाला. कुणी दमलं, कुणाची चेन पडली, तर तो थांबतो. त्यानं काहीही झालं तरी कुणाच्या पुढं जायचं नाही. त्यानं घंटी वाजवली की पुढच्यानं उलट घंटी द्यायची. म्हणजे मागं कुणी राहिलं नाही असं समजायचं.

अमरसिंह हसला. "लई सोपं काम हाय बे. लोकायची पाठ बघत जायचं."

"तुझी पाठ बघायची म्हणल्यावर याला पगार द्या काका," धनश्री म्हणाली.

काका हसले नाहीत. अंधारात त्यांचा आवाज तेवढा आला. "सुग्रीव बी शेपटीच होता."

ते म्हणाले, "माझ्यासंगं घडलेलं न्हाई हे. पर सुग्रीव माझ्या वळखीचा, अन् त्या रात्री मी म्होरच्या घोळक्यात होतो."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

दोन हजार तेवीसची कोजागरी. अठ्ठावीस ऑक्टोबर, शनिवार. त्या रात्री चंद्रग्रहण होतं. तरी क्लबनं ठरवलं, घाटनांदूरवरून धर्मापुरीच्या देवळापर्यंत चांदण्यात जायचं, तिथं दूध आटवायचं आणि ग्रहण लागायच्या आत पिऊन घ्यायचं. दूध धर्मापुरीतच मिळणार होतं. साखर आणि मसाल्याची पुडी पोचवायचं काम सुग्रीव आणि त्याचा धाकटा भाऊ बजरंग यांच्याकडं.

दोघं शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातले. कळपाच्या मागं चालायची सवय, म्हणून सुग्रीवसारखी शेपटी क्लबात दुसरी नव्हती. बजरंगची मात्र ती पहिलीच रात्रीची राईड. निघताना त्यांची आई सत्यभामाबाई म्हणाली, "वेध लागलेत. आज कशापायी जाता रे?" आणि मग सुग्रीवला बाजूला घेऊन, "त्याला तुझ्या नजरंम्होरं ठिव."

म्हणून सुग्रीवनं बजरंगला बरोबर आपल्या पुढं ठेवला. घाटनांदूर सोडलं तसं पुढची पोरं चॅलेंज लावून पळाली. बजरंगला त्यांच्यात जायचं होतं.

"दादा, सोड की मला."

"न्हाई. हितंच ऱ्हा."

"मी काय शेळी हाय का, मागून हाकायला?"

"शेळी बरी. ती हाकलं की ऐकती."

बजरंगला राग आला. त्यानं पायडल दाबलं आणि वळणाआड गेला. सुग्रीव मनात म्हणाला, जाऊन जाऊन जाईल कुठं.

वळण संपल्यावर एक जुना, बुटका पूल आहे. सुग्रीव वळला तर पुलावर बजरंगची सायकल उभी. वर माणूस बसलेला, पाठमोरा. दिवा बंद. सुग्रीव दिसला तशी सायकल चालू लागली.

सुग्रीव हसला. थांबला होता तर. पुलावरून जाता जाता त्यानं त्याला चांगलं झापलं. "बजरंग, दिवा लाव! बजरंग, आईनं काय सांगितलं होतं? पुढं पळून पाय मोडून घेशील बे!" असं बरंच. मोठमोठ्यानं.

पुढच्यानं मान वळवली नाही.

सुग्रीवनं घंटी वाजवली. पुढून उलट घंटी आली. एकदाच.

मग तो निर्धास्त झाला. रुसलाय, रुसू दे.

असं बरंच अंतर गेलं. चांदणं पडलं होतं. दोन्हीकडं तूर उभी. पुढची सायकल तेवढ्याच अंतरावर. सुग्रीवनं वेग वाढवला की ती वाढवायची. त्यानं कमी केला की कमी. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवावा असं त्याला दोनदा वाटलं. पण ओलांडायचं नाही, हा नियम. दुसरा कुणी असता तर पुढं जाऊन तोंड बघितलं असतं. सुग्रीव शेपटी होता. तो मागंच राहिला.

चढ आला. सुग्रीव उभा राहून पायडल मारत होता, छाती फुटायला आली. पुढचा बसूनच. खांदे हलत नव्हते.

"दमला न्हाईस का रे?"

फोन वाजला. आई. सुग्रीव एक पाय टेकून थांबला. पुढची सायकलही थांबली. तोंड पलीकडंच.

"बजरंग फोन उचलंना," आई म्हणाली.

"सायकलवर हाय माय. माझ्याच म्होरं."

"त्याला दे."

"रुसलाय."

"माझ्यावर न्हाई रुसत तो. त्याला म्हणाव, एकदा माय म्हण."

सुग्रीवनं स्पीकर लावला. फोन पुढं धरला. "बजरंग, माय हाय. बोल."

तूर सळसळली.

"बोल की रे."

घंटी वाजली. एकदा.

फोनवर आई हळू आवाजात म्हणाली, "सुग्रीव... तुझ्या म्होरं कोन हाय?"

इथं काका थांबले. अमरसिंहनं टॉर्च लावली आणि लगेच बंद केली.

"मग?" धनश्रीनं विचारलं.

मग सुग्रीवनं नियम सोडला. जीव खाऊन सायकल मारली. ती सायकल उतारावरून देवळाच्या वळणावर गेली, दिसेनाशी झाली. तो देवळापाशी पोचला तेव्हा काका आणि बाकीचे चुलीभोवती बसले होते.

"बजरंग कुठाय?"

"तुझ्यासंगं होता ना?"

"आत्ता आला की! माझ्या म्होरं!"

काका त्याला म्हणाले, "आमी वाटंकडंच बघत बसलोत रे. तू एकलाच आलास."

काकांनी सांगितलं, सुग्रीवचं तोंड तेव्हा त्यांच्यानं बघवलं नाही. तो तसाच मागं फिरला. सगळे फिरले. दूध चुलीवर तसंच राहिलं. वर चंद्राला कडेनं काळं लागायला लागलं होतं. सुग्रीव प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक बांधाआड हाका मारत होता. आधी "बजरंग" म्हणत होता. मग नुसतं "ये रे, ये रे" म्हणत होता. मेंढरू हरवलं की म्हणतात तसं. आई फोनवरच होती. तिनं फोन ठेवला नाही आणि त्यानंही. ती पलीकडून विचारायची, "घावला का?" आणि तो पुन्हा हाक मारायचा.

घसा बसला. तरी ओरडत होता. आवाज निघत नव्हता.

पहाटे बजरंग पुलाखाली सापडला.

लघवीला थांबला होता. सायकल पुलावर टेकवली, कठड्याचा दगड सुटला, तो खाली आणि वरून दगड. उजवा पाय त्याच्याखाली. शुद्धीत होता. सुग्रीव काट्यांतून घसरत खाली गेला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

बजरंग म्हणाला, "दादा, तू वरून गेलास."

सुग्रीवनं त्याच्या तोंडावरची माती पुसली.

"मी हाका मारल्या. तू लई मोठ्यानं बोलत व्हतास. बजरंग, बजरंग म्हणत व्हतास." मग थोडं थांबून, "कुनाला बोलत व्हतास, दादा?"

लातूरला नेला. जीव वाचला. पाय रात्रभर दगडाखाली राहिला होता, तो गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तास आधी आणला असता तर बघता आलं असतं. सुग्रीव त्यानंतर सायकलवर बसला नाही. शेळ्यांमागं जातो. कळपाच्या मागं चालत नाही आता, पुढं चालतो आणि सारखा वळून बघतो.

"अन् सायकल?" मी विचारलं. त्या रात्री मी बोललो ते एवढंच.

पत्रा थंडीनं कडकडला.

"सायकल देवळापाशी घावली," ते म्हणाले. "सकाळी. आमच्याच सायकलींच्या रांगेत, भिंतीला टेकवलेली. मीच टेम्पोत चढवली. तिची सीट..."

"सीटचं काय?"

"वर काढलेली. दांडा नळीतून निसटायला आला होता, इतकी वर. त्या सीटवर बसून पायडलला पाय पुरंल असा मानूस म्या अजून बघितला न्हाई."

झोप कुणाला लागली माहीत नाही. मला नाही लागली.

सकाळी उजाडायच्या आतच निघालो, धुकं होतं. मी शेपटी. थोडं अंतर गेल्यावर मी घंटी वाजवली. पुढून उलट घंटी आली.

मी पायडल दाबलं आणि पुढं गेलो. नियम मोडला. मला कुणाच्या तोंडाकडं बघून बोलायला जमत नाही, पण त्या दिवशी बघितलं. आधी अमरसिंहच्या. त्यानं शिवी दिली. मग धनश्रीच्या. तिनं मान तेवढी माझ्याकडं पूर्ण वळवली. सगळ्यात पुढं काका होते. मी बाजूला येतोय हे त्यांना कळलं. त्यांनी कानटोपी मागं सारली, मफलर हनुवटीखाली ओढला आणि मला नीट दिसावं म्हणून सायकल हळू केली.