शून्य लिहायचं नाही

तो इतका उंच होता, की त्याचं डोकं भिजलं तर सर्दी कावळ्यांना व्हायची. बरं, थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. तो बास्केटबॉलचा कॉम्प्युटर गेम बनवायचा. एका दुपारी चुकीचं दार उघडून ती आत आली. हातात काठी, गुडघ्याला पट्टा. आली आणि पडद्याकडे बघतच राहिली.

चेंडू बास्केटच्या कडीवर आपटून उसळला, ताडमाड खेळाडूने उभ्या उभ्या झेलला. पुन्हा उसळला. पुन्हा तोच.

"ह्याने चेंडू पाळलाय का हो?"

तो दचकला. "रिबाऊंड आहे, हुकून उसळलेला चेंडू पकडायचा. उंची जास्त, तर मिळायची शक्यता जास्त."

"आणि ती कोपऱ्यातली बुटकी खेळाडू?"

"तिची... शून्य."

ती हसली नाही. "संघातली बुटकी मीच होते. गुडघा जाईपर्यंत रिबाऊंड मीच घ्यायचे. उडी नंतर! डावीकडून मारलेला हुकला, की बहुधा उजवीकडे पडतो. आधीच तिथे जायचं, मागच्याला पाठीने थोपवायचं. उंच माणसं काय — नुसती उभी. येईल आपोआप!" तिने त्याला खालून वर पाहिलं. वेळ लागला जरा. "कमी लिहा. पण शून्य लिहायचं नाही."

मग ती रोज येऊ लागली. काठीने जागा दाखवायची, तो आकडे बदलायचा. "थोपवायचं ते असं," म्हणत एकदा तिची पाठ त्याच्या छातीला टेकली... आणि पुढचं वाक्य दोघंही विसरले.

गेममधली बुटकी चेंडू मिळवू लागली, आणि त्याच आठवड्यात डॉक्टर तिला म्हणाले, खेळणं संपलं. लांबच्या एका शाळेने तिला मुलींना बास्केटबॉल शिकवायला बोलावलं.

"उद्या सकाळच्या बसने निघते," ती म्हणाली, आणि दारात थांबली.

तो उभा राहिला. नुसता.

सकाळी ती लंगडत बसथांब्यावर पोचली, तर तो तिथे आधीच हजर. खांद्यावर पिशवी, छाती धपापतेय.

"तुम्ही... इथे?"

"चेंडू कुठे पडणार ते ओळखून आधीच आलो. थांबा म्हणत नाही. मला न्याल? गेम कुठेही बसून बनवता येतो. तुमच्याशिवाय मात्र... नाही जमत."

"शक्यता किती धरलीत?"

"अगदी कमी. पण शून्य नाही लिहिलं."

डोळे पुसत तिने काठी त्याच्या हातात दिली आणि त्याचा दंड धरला. बस आली. चढताना दारावर त्याचं डोकं खाडकन आपटलं.

"वाक ना रे जरा!"

बस हलली असेल ती त्या टकरीने, असं मी सांगतो. पण तो सांगतो — त्या 'रे'ने.