शेजारच्या सीटवरचं दुपटं

मधे कुणी बोलायचं नाही. पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या, नंतर उठायची छाती होणार नाही. ही ऐकीव गोष्ट नव्हे. ज्याच्यावर बेतली तो माझ्या शेजारच्याच गाळ्यात गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. त्याला सगळे गारवा म्हणायचे. खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवावं लागायचं.

तर या गारवाच्या जावयाने एक जुनी पिकअप घेतली होती. पुढे दोन सीट, मागे माल. इंजिन ठणठणीत, पण एसी लहरी. कधी दात वाजतील इतका गार, कधी मधेच बंद. कायमची बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं सोपं असतं. अधूनमधून बंद पडणारी म्हणजे डोक्याला ताप, कारण गॅरेजमध्ये आणली की ती शहाण्यासारखी वागते.

जावई म्हणायचा, "मामा, मी एकटा असलो की मस्त चालतो. ही शेजारी बसली की बंद."

"माझ्या लेकीपुढे भलेभले गार पडतात," गारवा हसायचा, "तुमच्या एसीचं काय घेऊन बसलात, जावईबापू!"

लेक तेव्हा पोटुशी होती. बोलणं हसण्यावारी गेलं.

पुढे ती दिवस भरायच्या आतच बाळंत झाली. मुलगी झाली, पण एवढीशी. कितीतरी दिवस लांबच्या इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवली होती. गारवा काचेबाहेरून बघून यायचा आणि घरी आला की जेवायचा नाही. अखेर डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मात्र बजावलं, की बाळ तापता कामा नये आणि अंगावर थेट गार झोतही नको, जीव नाजूक आहे. भर मे महिना, त्यात दुपारचा लांबचा रस्ता.

गारवाची बायको म्हणाली, "भाड्याची चांगली गाडी करा."

तो भडकलाच. "जगाच्या गाड्या गार करतो मी, आणि माझी नात दुसऱ्याच्या गाडीतून येणार? दिव्याखाली अंधार म्हणतील लोक!"

जावई इस्पितळात थांबला आणि पिकअप गारवाच्या दारात आली. रविवारी सकाळी त्यानेच ती इस्पितळात न्यायची होती. शनिवारी दिवसभर तो तिच्यामागे हात धुऊन लागला. गॅस तपासला, बरोबर होता. वीज सोडणारा रिले बदलला. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी क्लचची चकती असते, ती लोहचुंबकाने चिकटली की थंडी सुरू होते. तापल्यावर तिची फट वाढते, म्हणून तीही जुळवून घेतली. माणूस बसल्यावर बंद पडतो म्हणजे सीटखाली तार दबत असेल, असं वाटून सीट उचकटली. तारा धडधाकट. मग समोरच्या वेल्डिंगवाल्याला शेजारी बसवून चक्कर मारली. शंभर किलोचा ऐवज तो, पण एसीने हूं की चूं केलं नाही.

शेवटी गारवाने आपली जुनी युक्ती काढली. क्लचच्या तारेला जोडून एक छोटा बल्ब समोर डॅशबोर्डवर आणून ठेवला. बल्ब चालू असताना हवा गरम आली तर दोष क्लचचा. बल्बच विझला तर दोष अलीकडचा, बटणाकडचा.

मे महिन्यातला दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेअकरा. गारवा चक्कर मारायला निघाला. निघताना त्याने एक उद्योग केला. बाटलीत कोमट पाणी भरलं, नातीसाठी आणलेल्या नव्या दुपट्यात ती नीट गुंडाळली, तोंडाच्या जागी थोडं उघडं ठेवलं आणि गाठोडं शेजारच्या सीटवर मांडलं. झोत बाळाला किती लागतो, बाटली किती गार होते, ते बघायचं होतं. आजोबाची माया, दुसरं काय! बायको दारातून ओरडली, "रिकामं दुपटं असं बाळासारखं गुंडाळू नये हो! चांगलं नसतं ते."

"तू झोप," तो म्हणाला.

गाव मागे पडलं. पेट्रोल पंप गेला. पुढे मोकळा रस्ता, दोन्हीकडे काळोख. गार हवा येत होती. बल्ब चालू होता.

टक्.

बल्ब विझला. गारवाने बटणाकडे पाहिलं. बटण बंद झालेलं होतं. सैल असेल, म्हणून दाबलं. बल्ब लागला. जरा पुढे गेला...

टक्.

आता त्याच्या डोळ्यांदेखत बटण वर आलं. हळूच. कुणी बोटाने उचलावं तसं.

"सापडलं!" गारवा मोठ्याने म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला, बरं का. गाडी थांबवून त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीपासून क्लचला थेट तार जोडली. मधे बटणच नाही. आता बंद होऊन दाखव म्हणावं!

निघाला. बल्ब लख्ख.

मग शेजारच्या सीटपुढची हवेची जाळी हलली. तिची एक पाती मिटली. मग दुसरी. मग तिसरी.

त्याने हात लांब करून पात्या उघडायला बघितल्या. उघडेनात. आतून नव्हे... बाहेरून कुणीतरी तळवा टेकवून धरल्यासारखं वाटत होतं.

गाडी थांबली. कशी थांबवली ते त्यालाही आठवत नाही. त्याने फोन काढला आणि पिकअपच्या आधीच्या मालकाला लावला. गाडी घेताना ओळख झाली होती. तो झोपेतून उठला.

"अहो, एसीचं विचारायचं होतं... मधेच बंद होतो."

त्याने उलटच विचारलं,

"शेजारच्या सीटवर काही ठेवलंय का?"

"दुपटं आहे."

"...आत काय आहे?"

"पाण्याची बाटली."

मग तो माणूस बोलायला लागला. आवाज पार खोल गेला होता त्याचा.

"एका बाईला इस्पितळातून घरी सोडायचं होतं. मांडीवर तान्हं होतं. गेलेलं. उन्हाळा होता, वाट लांबची... म्हणून मी एसी पूर्ण सोडला. ती सारखी बटण बंद करायची. म्हणायची, दादा, बाळाला गार लागतंय."

"मग?"

"मग मी बटणावर हात धरून बसलो. तिचं घर येईपर्यंत."

"आणि ती...?"

"तिनेही फार दिवस काढले नाहीत."

फोन ठेवून गारवाने शेजारी पाहिलं. दुपट्याचं तोंड त्याने उघडं ठेवलं होतं. आता ते टोक वर ओढलेलं होतं. डोक्यावरून. नीट.

तो खाली उतरला. बॉनेट उघडून त्याने तार उपटली. मग खिडकीपाशी येऊन, आत न बघता, म्हणाला, "बंद केला गं बाई. केला बंद."

परतीचा सगळा रस्ता त्याने काचा लावून कापला. घामाच्या धारा लागल्या, पण काच खाली करायची हिंमत झाली नाही. शेजारी एकदाही पाहिलं नाही.

घाबरू नका, नात सुखरूप घरी आली. भाड्याच्या गाडीतून. गारवाने कारण सांगितलं नाही, बायकोनेही विचारलं नाही. आता ती पोरगी शाळेत जाते आणि आजोबांच्या डोक्यावर मिऱ्या वाटते.

पण त्या रात्री घरी पोचल्यावर तो गाठोडं घेऊन उजेडात आला, तेव्हाचं त्याने फक्त मला सांगितलं. तेही एकदाच. पुढे विचारलं की विषय बदलायचा.

दुपट्याचं वरचं टोक ओलं होतं. बाटली गळली असेल, म्हणून त्याने पाहिलं. झाकण घट्ट. पाणी काठोकाठ. त्याने बोट लावलं. चिकट लागलं. नाकाशी नेलं...

दूध होतं. अजून कोमट.