टाकीवरची घंटी

दारात उभा असलेला माणूस गुलाबी होता.

सगळा नाही. एका गालावर दाढीचा फेस होता, तो गुलाबी. खांद्यावरचा टॉवेल गुलाबी. आणि हातात मांजराएवढं काहीतरी केसाळ, निथळणारं लोंबत होतं... तेही गुलाबीच.

“अगंबाई! मेलं का ते?” ती दोन पावलं मागे सरकली.

“जिवंत कधी नव्हतंच,” तो गंभीरपणे म्हणाला. “माइकवर घालायचं लोकरीचं कव्हर आहे. मघाशी बादलीत भिजवलं तेव्हा राखाडी होतं.”

सगळ्यात वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेला हा भाडेकरू. माहितीपटांसाठी आवाज रेकॉर्ड करायचा. गळ्यात सदानकदा मोठ्ठे हेडफोन, म्हणून मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘कानवाला’. आत्तापर्यंत तिने जिन्यात त्याची पाठच तेवढी पाहिली होती. पाठीपेक्षा चेहरा बरा आहे, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराचा तिला रागच आला.

“पण माझ्याकडे कशाला आलात?”

“खालच्या काकू म्हणाल्या, पाण्याचं काही विपरीत झालं की पाणीताईंचं दार वाजवायचं.”

पाणीताई म्हणजे तीच. शाळेत विज्ञान शिकवायची आणि शनिवारी इमारतीतल्या मुलांना गच्चीवर जमवून पाण्याचे खेळ घ्यायची. गळक्या नळाखाली बाटली लावून ती केव्हा भरते ते बघायचं, पेलाभर पाण्यात दात घासायचे, भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घालायचं. कालचा खेळ फ्लशचा होता. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे थोडे थेंब टाकायचे आणि थांबायचं. बटण दाबायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. आपोआप रंग खाली उतरला, की समजायचं टाकी आतून गळतेय... वरून कितीही ठणठणीत दिसली तरी.

तिने मागे वळून पाहिलं. खिडकीच्या पडद्याखाली दोन पावलं दिसत होती.

“ठिपके, बाहेर ये.”

तिची लेक बाहेर आली. कोपरापर्यंत गुलाबी.

“तूच म्हणालीस ना, इमारतीतले सगळे फ्लश तपासायला हवेत? मग घरोघर कशाला हिंडायचं? मी वरच्या मोठ्या टाकीतच टाकला रंग. एकदम. सगळ्या बाटल्या.”

कानवाल्याला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही.

“झाकण कुणी उघडलं?”

“मी.”

“एकटीने?”

“स्टूल होतं ना, आई...”

पुढचं तिला ऐकूच आलं नाही. ठिपकीचा दंड धरून ती जिना चढत सुटली. गच्चीवर काळी, बुटकी टाकी, बाजूला स्टूल, झाकण अर्धवट सरकलेलं. आत गुलाबी पाणी संथ हलत होतं आणि त्यावर ठिपकीची केसांची पिवळी क्लिप तरंगत होती.

म्हणजे एवढी वाकली होती पोरगी. एवढी...

तिने ठिपकीला एक धपाटा घातला आणि लगेच असं घट्ट कवळलं, की ठिपकी धपाट्याने नाही, तर त्या मिठीनेच रडायला लागली. मागोमाग आलेला कानवाला ‘काही झालं नाही ना, मग’ वगैरे काही बोलला नाही. त्याने मुकाट्याने क्लिप काढली, शर्टाला पुसली, ठिपकीच्या हातात दिली आणि झाकण नीट बसवून वरून दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.

तेवढ्यात धापा टाकत तळमजल्यावरच्या काकू वर आल्या. इमारतीचा कारभार त्यांच्याच हातात.

“माझ्या पांढऱ्या चादरी! बघ, बघ ये खाली, कशा झाल्यात! ही टाकी आत्ताच्या आत्ता रिकामी करा. आणि तुझे ते खेळही बंद कर बाई. मुलांना शिकवतेस पाणी वाचवायला, आणि हे काय?”

“टाकी रिकामी करू, काकू,” ती डोळे पुसत म्हणाली, “पण थेंबभरही गटारात जाऊ देणार नाही. संध्याकाळपर्यंत वेळ द्या.”

मग सगळी वानरसेना गोळा झाली. गच्चीपासून खालपर्यंत जिन्यात रांग लागली आणि बादल्या हातोहात उतरू लागल्या. फरशा पुसल्या, जिने धुतले, बागेतल्या झाडांना पाणी दिलं, घरोघरी फ्लशसाठी बादल्या भरून ठेवल्या. रांगेत तिच्या वरच्या पायरीवर कानवाला होता. गालावरचा फेस वाळून पापुद्रे झाले होते, पण तो जागचा हलला नाही.

“दाढी तरी पुरी करून या.”

“कशाने करू? पाणी सगळं तुमच्या ताब्यात.” त्याने बादली पुढे केली. कडीवर दोघांची बोटं क्षणभर एकत्र आली. “बाकी तुमची लेक हुशार आहे हं. माझा फ्लश गळतोय, हे तिच्यामुळे कळलं.”

“खरंच?”

“शपथेवर. सकाळी उठून बघतो तर गुलाबी.”

“अहो, टाकीतच रंग होता! ते दिसणारच!” असं म्हणून ती हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच.

पण हसू ओसरलं आणि जीव पुन्हा थाऱ्यावर राहीना. ठिपकीचे बाबा दुसऱ्या गावी, दुसऱ्या संसारात निघून गेले तेव्हापासून ती अशीच झाली होती. गॅस बंद आहे ना, कडी लागली ना, नळ... सगळं बघून झालं की पुन्हा पहिल्यापासून. आता त्यात टाकीच्या झाकणाची भर पडली. शाळेतून आली की पर्स ठेवायच्या आधी वर. पोळ्या करता करता गॅस बारीक करून वर. ठिपकी समोर अभ्यास करत बसलेली असली तरी वर!

अशाच एका संध्याकाळी ती गच्चीवर पोचली, तर कानवाला टाकीपाशी उकिडवा बसलेला. झाकणाला भक्कम कडी-कुलूप लावून झालं होतं आणि तो तारेने एक छोटी पितळी घंटी बांधत होता.

“किल्ली काकूंकडे. आणि झाकण नुसतं हललं तरी ही वाजणार,” तो म्हणाला. “माझी खोली बरोब्बर खाली आहे. वाजली की मी धावत येणार.”

“तुम्हाला कुणी सांगितलं हे करायला?”

“तुमच्या चपलांनी. दिवसभर माझ्या डोक्यावर फटक-फटक करत असतात.”

ती ओशाळली. “त्रास होतो?”

“सवय झालीय. आल्या नाहीत तर काम सुचत नाही.” त्याने तारेला शेवटचा पीळ दिला. “आणि स्वयंपाकघरातला नळ तेवढा आवळत जाऊ नका. पाइपातून सगळं ऐकू येतं. आवळून आवळून वायसर गेलाय त्याचा, म्हणून टपकतो.”

पाणीताईच्याच घरात गळका नळ! ती लाजेने अर्धी झाली. पण त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी तिला शांत झोप लागली.

त्या शनिवारी तो आपण होऊन वर्गाला आला. माइकवर ते गुलाबी कव्हर चढवलेलं होतं. मुलांनी त्याला मांजर म्हणून कुरवाळून घेतलं. मग त्याने एका सुकलेल्या कुंडीजवळ माइक धरला आणि ठिपकीला सांगितलं, “हळूच पाणी घाल. आता ऐका, माती पाणी कशी पिते.”

एकेका मुलाने हेडफोन लावले, आणि एकेकाचे डोळे मोठे झाले. शेवटी तिची पाळी आली. हेडफोन चढवताना तिच्या केसांची बट आत अडकली, ती त्याने बोटाने अलगद बाजूला केली... आणि मग सगळा गलका एकदम नाहीसा झाला. आत फक्त चुरचुर, बारीक बुडबुडे, कुणीतरी फार दिवसांनी सुस्कारा सोडावा तसा आवाज.

“एवढीशी कुंडी,” ती पुटपुटली, “आणि केवढी तहान...”

तिने वर पाहिलं. तो कुंडीकडे बघत नव्हता.

तिने घाईघाईने हेडफोन काढले. “चला मुलांनो, बाटल्या घ्या, बुडाला बारीक भोकं पाडायचीत!” आवाज उगाचच मोठा निघाला होता.

पुढचे काही शनिवार असेच गेले. भोकाच्या बाटल्या कुंड्यांत रोवल्या, गळके नळ हुडकले, तिच्या नळाचा वायसर मुलांनीच बदलला. काकूंची कुरकुर बंद झाली होती. चादरींचा गुलाबी रंग त्यांना म्हणे आवडायला लागला होता. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि म्हणूनच तिला धास्ती वाटत होती. एवढं नीट चाललंय म्हणजे आता काहीतरी होणार.

झालंच. एका संध्याकाळी जिन्यात तो थांबला.

“मोठं काम आलंय. एका नदीचा आवाज, उगमापासून समुद्रापर्यंत. बरेच महिने लागतील. शनिवारी निघतोय.”

“अरे वा,” ती म्हणाली. “छान.”

“खोली ठेवू की सोडू, ते ठरत नाहीये.”

“घरमालकांना विचारा.”

“विचारलं. ते म्हणाले, तुमची मर्जी. म्हणून आता... तुम्हाला विचारतोय.”

ती कठड्यावरचा नसलेला डाग पुसत राहिली. आत काहीतरी आवळलं जात होतं, नेहमीसारखं, घट्ट, आणखी घट्ट.

“मी काय सांगणार?” ती कशीबशी म्हणाली.

“हरकत नाही.” तो हसला, पण डोळे हसले नाहीत. “तुमचाच प्रयोग करतो. मी रंग टाकलाय. आता कशाला हात न लावता थांबतो. आत काही असलं तर उतरेल खाली.”

“मला कमोडची उपमा देताय?”

“माफ करा. दुसरं काही शिकवलंच नाहीत तुम्ही.”

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले, तिलाच ठाऊक. वर्गात फळ्यावर एक लिहायला गेली आणि दुसरंच लिहून बसली. दूध उतू गेलं. त्याला सांगायचं वाक्य दहा वेळा मनाशी जुळवलं आणि जिन्यात तो दिसला की “जेवलात का?” एवढंच विचारून पुढे गेली. ठिपकी सगळं पाहत होती.

“आई, तू बंद नळ बंद करते आहेस.”

“गप अभ्यास कर.”

“काका गेले तर वरची घंटी कुणाला ऐकू जाईल गं?”

एकदा कुणीतरी गेलेलं तिने बघितलं होतं. येईन म्हणून गेलेलं. ‘थांबा’ म्हणायचं, आणि नाही थांबलं तर? त्यापेक्षा न म्हटलेलं बरं... असं ती स्वतःला समजावत राहिली आणि स्वतःलाच ते पटेना.

शनिवार उजाडला. फाटकापाशी गाडी येऊन थांबली. पेट्या चढल्या. मुलं निरोप द्यायला जमली, काकूसुद्धा खाली उभ्या होत्या. ठिपकी ते गुलाबी मांजर छातीशी धरून त्याच्या शेजारीच होती. पाणीताई मात्र खाली गेलीच नाही. खिडकीच्या आडोशाला उभी राहिली. त्याने वर पाहिलं. ती मागे सरली. खोलीची किल्ली त्याच्या हातातच होती. ती काकूंना द्यायची की खिशात टाकायची, अशा विचारात असल्यासारखा तो उभा होता. मग त्याने किल्ली हळूच काकूंच्या पुढे केली...

तिला कळलंच नाही ती कधी धावायला लागली. खाली नाही, वर! पायात चपलाही नव्हत्या. गच्ची, टाकी, तार. तिने घंटी मुठीत धरली आणि हलवली. जोरात. आणखी जोरात. सगळी इमारत ऐकेल अशी.

खाली गाडीचं इंजिन घरघरत होतं. त्यातून ऐकू जाईल? एवढीशी घंटी...

जिन्यात पावलं वाजली. दोन-दोन पायऱ्या ओलांडत येणारी.

तो दारात येऊन थांबला. छाती वरखाली होत होती.

“ठिपकी खाली माझ्या शेजारी उभी आहे,” तो म्हणाला. “कुलूपही जागेवर दिसतंय. मग घंटी कशाला वाजली?”

“खोली सोडू नका.”

“काय?”

“ऐकू येत नाही का? एवढे कान घेऊन?” तिचा आवाज फुटला. “सोडू नका म्हणतेय. काम करा, नदी संपू दे, महिने लागू देत. पण परत इथेच या. मला भीती वाटते, सगळ्याचीच वाटते, तुम्ही आलात तरी वाटत राहील. तरीसुद्धा... या.”

तो जवळ आला. हात लावला नाही. नुसता बघत राहिला.

“उतरला,” तो हळूच म्हणाला.

“काय?”

“रंग. दोन्ही गालांवर.”

“पुन्हा कमोड?” ती रडता रडता हसली, आणि तिच्या नकळत तिचा हात त्याच्या हातात गेला. मुठीत किल्ली होती, तापलेली.

“काकूंनी घेतलीच नाही,” तो म्हणाला. “म्हणाल्या, आधी वर कोण घंटी बडवतंय ते बघून ये.”

खालून ठिपकीची आरोळी आली. “काका! गाडीवाले ओरडतायत! आणि मांजर मी देणार नाही! परत आलात की मिळेल!”

दोघं जिन्याकडे निघाली. दाराशी पोचल्यावर तिची पावलं अडखळली. मान मागे वळली, टाकीकडे. आता, या क्षणीसुद्धा! तिला स्वतःची लाज वाटली.

तो दाराला टेकून उभा राहिला.

“बघून ये,” तो म्हणाला. “मी थांबलोय.”