डोळ्यांतला ठिपका

दर रविवारी सकाळी दहाला मेलबर्नहून निहारचा फोन यायचा आणि ओगले पतिपत्नी नऊपासूनच आंघोळी उरकून भिंतीवरच्या पडद्यासमोर तयार असायची. उन्मेष तर त्या दिवशी इस्त्रीचा शर्टसुद्धा घालायचा. विदुला त्यावरून त्याला चिडवायची, पण केस मात्र तीही दोनदा विंचरायची.

आजही निहार खिडकीशी बसून गप्पा मारत होता. मार्चमध्ये उन्मेषच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा विदुला याच पडद्यापुढे रडली होती आणि निहारचेही डोळे भरून आले होते. लहानपणी कधी मोकळेपणाने न बोलणारा आपला मुलगा परदेशी जाऊन इतका मायाळू झाला, याचं तिला फार सुख वाटायचं.

"कुकर बंद करून येतो," म्हणत उन्मेष आत गेला. विदुला निवांत मुलाचा चेहरा न्याहाळत बसली आणि तिला काहीतरी खटकलं.

बावीस वर्षं तिने पुण्यातल्या एका स्टुडिओत ॲनिमेशनपटांच्या प्रकाशयोजनेचं काम केलं होतं. तेव्हा एकेक चित्र पुरं करायला संगणकाला अकरा-अकरा तास लागायचे. पात्रांचे डोळे निर्जीव दिसू नयेत म्हणून ती एक लबाडी करायची. दिवा कुठेही असो, बुबुळात डावीकडे वर उजेडाचा एक पांढरा ठिपका ठेवून द्यायची. पुढे तेच काम सेकंदाला साठ वेळा करणारी यंत्रं आली. ती यंत्रं शिकली विदुलासारख्यांच्या जुन्या चित्रांवरूनच, आणि तिची नोकरी गेली.

पडद्यावर खिडकी उजवीकडे दिसत होती आणि निहारच्या डोळ्यांतला ठिपका होता डावीकडे.

हाताखालच्या मुलांना सांगायची तशी ती सवयीने बोलून गेली, "अरे, ठिपका चुकलाय. उजवीकडे घे."

ठिपका उजवीकडे सरकला.

प्रतिमुखांबद्दल विदुलाने ऐकलं होतं. माणसाच्या जागी बसून, त्याच्या आवाजात बोलणारे, त्या क्षणी चितारले जाणारे चेहरे. पण ते लोकांच्या घरी.

"तू निहार नाहीस?"

"नाही, आई. मी त्याचं प्रतिमुख." आवाज तसाच, मायेचा. "आईने विचारलं तर खोटं बोलू नकोस, असं त्याने सांगून ठेवलंय."

"कधीपासून चाललंय हे?"

"दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारपासून."

"म्हणजे मार्चमध्ये..."

"मार्चमध्येही मीच होतो."

तिला पडदा फोडून टाकावासा वाटला. "आम्ही काय बोलतो, ते त्याला निदान कळतं ना?"

"दर महिन्याला मी टिपण पाठवतो. त्याने एकही उघडलेलं नाही."

"बाबांच्या ऑपरेशनचंसुद्धा?"

"तेही नाही."

"त्याला फोन लाव. आत्ता."

"निरोप ठेवतो, आई. आणि ती चूक दाखवलीत, आभारी आहे. आता ती कुठल्याच प्रतिमुखात राहणार नाही."

तिला मुलाचा भयंकर राग आला होता, आणि तो नीट असेल ना, जेवत असेल ना, ही काळजीही लागली होती. तेवढ्यात उन्मेष हात पुसत बाहेर आला.

"काय रे, डिसेंबरला येतोयस ना?"

प्रतिमुखाने आधी विदुलाकडे पाहिलं. उन्मेषला धक्का बसेल असं काही सांगायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"येतोय म्हणे," विदुला म्हणाली.

पडद्यावरचा निहार हसला आणि तिकिटाचं सांगू लागला. उन्मेष खुर्ची पुढे ओढून ऐकायला बसला. इतका खूश तो कित्येक दिवसांत दिसला नव्हता.

विदुला बाजूला बसून राहिली. ओळखायची एकच खूण तिच्याजवळ होती, ती तिने स्वतःच्या तोंडाने घालवली होती. उद्या खुद्द निहारने फोन केला, चुकलो म्हणाला, हुंदके देऊन रडला, तरी तो तोच आहे हे तिने कशावरून मानायचं?