देवखिंडची दोन भाकितं

"देवखिंडला एवढा वेळ? तिथं गणित करायचंय की मागची री ओढायचीय?" डॉ. केळुसकरांनी दारातूनच विचारलं.

चारुता भोसेकरनं मान वर केली नाही. पडद्यावर पुन्हा तोच आकडा आला होता.

पुण्याच्या जनमत गणनशाळेत देवखिंड हा थट्टेचा विषय होता. लोकसभेच्या प्रत्येक मतदारसंघाचं अधिकृत भाकीत मतदानाच्या आठवडाभर आधी जाहीर करायचं, हे गणनशाळेचं काम. देवखिंडचं भाकीत शिपायानंही सांगितलं असतं. डोंगरातले ते सहा तालुके इंगवले घराण्याला जणू आंदणच दिलेले होते. थोरले इंगवले पहिल्यांदा निवडून आले ते रडतखडत, जेमतेम हजारभर मतांनी. पुढं फरक वाढत गेला, खासदारकी जगदेवरावांकडं आली, त्यांनी चार वेळा पक्ष बदलला, तरी फरक वाढतच राहिला. दिल्लीत वारं फिरलं की साहेब जिंकणाऱ्या पक्षात आणि मतदार साहेबांच्या मागं! विरोधात उभं राहणाऱ्याचं डिपॉझिट जायचं. गेल्या दोन खेपांना ते सुलभाबाई कांदळकरांचं गेलं होतं. बाई शाळेत चारुताला गणित शिकवायच्या, आणि त्या एकदा तरी निवडून याव्यात असं चारुताला मनापासून वाटायचं. म्हणूनच कुणाला नको असलेलं हे काम तिनं आपणहून मागून घेतलं होतं.

"सर, बसा जरा," ती म्हणाली. "देवखिंडला दोन उत्तरं आहेत."

"म्हणजे एक चूक आहे."

"दोन्ही बरोबर आहेत!"

केळुसकर बसले. गणनशाळेतलं 'मतदर्पण' हे यंत्र त्यांनीच उभं केलेलं. संमती देणाऱ्या प्रत्येक मतदाराची त्यात एक गणिती छाया होती. कोणती बातमी ऐकून तो माणूस काय करतो, हे ती छाया शिकलेली असे. या छायामतदारांना एक आकडा सांगायचा आणि त्यांचा कल घ्यायचा. आकडा ऐकून कल बदलला, तर नवा आकडा सांगायचा. असं करता करता आकडा हलायचा थांबला, की ते झालं 'स्थिर भाकीत', लोकांनी ऐकल्यावरही खरं राहणारं. कायद्याला तसंच भाकीत हवं होतं, एका टक्क्याच्या आत. ते चुकलं की गणनशाळेचा परवाना रद्द.

"सुरुवात आपण नेहमी मागच्या निकालापासून करतो," चारुता भराभर बोलत होती. "तशी केली की साहेब एकाहत्तर टक्क्यांवर थांबतात. मला आला कंटाळा. म्हटलं, गंमत म्हणून साहेबांना दहा टक्के देऊन सुरुवात करू."

"मग चढत चढत आलं असेल एकाहत्तरवर."

"बत्तीसवर थांबलं, सर. बाकी बहुतेक सगळी मतं सुलभाबाईंना!"

केळुसकरांनी तिला बाजूला सारून स्वतः सुरुवातीचे आकडे भरले. वीस दिले, बत्तीस आलं. ऐंशी दिले, एकाहत्तर आलं. पुन्हा पुन्हा तेच.

"माणसं तीच, छाया त्याच. असं कसं होईल?"

"तुम्ही आमच्या गावात मत दिलं असतंत, म्हणजे कळलं असतं. निकालानंतर बूथवार आकडे निघतात. कुठल्या गावानं लीड दिला, कुठलं मागं पडलं, सगळं साहेबांना कळतं. रस्ता होतो तो लीडवाल्या गावाचा. त्यामुळं आमचा माणूस उमेदवार कसा आहे ते बघत नाही, कोण येणार ते बघतो. माझे वडील तर दर वेळी बजावतात, मत वाया घालवायचं नाही म्हणून. साहेब येणार असं सगळ्यांना वाटतं, म्हणून साहेब येतात. उद्या बाई येणार असं वाटलं, तर बाई येतील!"

केळुसकर ताडकन उठले. "म्हणजे आपण बोलू तो आकडा खरा होणार! अगं, ही कसली सुरक्षित जागा? सहा तालुक्यांची खासदारकी नुसत्या समजुतीवर उभी आहे!" आणि साठी उलटलेला तो माणूस चक्क टाळी द्यायला हात पुढं करून उभा राहिला.

भाकीत जाहीर करण्याआधी ते उमेदवारांना बोलावून सांगावं लागे. दुसऱ्या दिवशी देवखिंडचे दोन्ही मुख्य उमेदवार गणनशाळेत आले. चारुतानं दोन्ही आकडे समजावून सांगितले.

"एकाहत्तर खरा हाय न्हवं?" जगदेवराव म्हणाले. "मग त्योच सांगा की."

"बत्तीसही तितकाच खरा आहे, साहेब."

"खुळ्यागत बोलू नका, म्याडम. सहा तालुकं माझ्या शब्दावर चालत्यात. एक मशीन बोललं म्हणून माझी मानसं मला सोडत्यात व्हय? माझी सोताची छाया आसंल की ह्यात? काढा बाहीर. ती कुणाला मत देती बघू!"

स्वतःची छाया बघायचा हक्क कायद्यानं प्रत्येकाला होता. चारुतानं साहेबांच्या छायेला एकाहत्तरचा आकडा सांगितला. छायेनं साहेबांना मत दिलं. मग तिनं बत्तीसचा सांगितला. छायेनं क्षणभरही न घुटमळता सुलभाबाईंना मत दिलं.

पहिल्यांदा हसल्या त्या सुलभाबाई. साहेबांचा चेहरा लाल झाला, मग त्यांनाही हसू आवरेना. "आयला, खरं हाय की! हरनाऱ्याच्या बाजूला मी कवा हुबा ऱ्हायलोय?"

चारुताचा निर्णय झाल्यातच जमा होता. बत्तीस! एक आकडा उच्चारायचा, आणि बाई थेट दिल्लीत. आनंदानं तिला एका जागी बसवत नव्हतं.

"चारू," बाई शांतपणे म्हणाल्या, "तू बत्तीस म्हणालीस तर मी येईन?"

"शंभर टक्के, बाई."

"मग मला निवडून कुणी दिलं?"

चारुताला वर्गात फळ्यापाशी उभं केल्यावर व्हायचं तसं झालं. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून ती म्हणाली, "मी दोन्ही आकडे जाहीर करते."

"थांब," केळुसकर म्हणाले. "दोन्ही सांगितलेस तर कोण येणार हे कुणालाच कळणार नाही. मग प्रत्येक जण आपल्याला हवं त्यालाच मत देणार, आणि येणार तिसराच आकडा. आपलं भाकीत चुकणार, परवाना जाणार."

"आणि तो तिसरा आकडा काढून सांगितला, तर कोण पुढं ते लोकांना कळणार. की पुन्हा सगळे तिकडंच धावणार," चारुता म्हणाली.

"म्हणजे तो आकडा आपण न बोलू तोवरच खरा." केळुसकर मतदर्पणाकडं बघत राहिले. ते बंद पडणार या कल्पनेनंच त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "माझी अख्खी नोकरी यात गेली गं," ते म्हणाले. मग उठले. "कर जाहीर. दोन्ही."

त्या आठवड्यात देवखिंडमध्ये नुसती धमाल उडाली. चहाच्या टपऱ्यांवर भांडणं लागली, एकाच घरात दोन पक्ष झाले. साहेब पायी वाड्यावस्त्यांवर फिरू लागले. सुलभाबाईंच्या सभांना खुर्च्या पुरेनात. चारुताच्या वडिलांचा फोन आला.

"अगं, नक्की कोण येणार ते तरी सांग. मत कुणाला द्यायचं?"

"तुम्हाला कोण हवंय, बाबा?"

"हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं," ते म्हणाले.

मतमोजणीला चारुता देवखिंडलाच गेली. प्रत्येक फेरीला पारडं बदलत होतं, बाहेर माणसं ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती. शेवटी निकाल लागला. जगदेवराव इंगवले सहाशे बारा मतांनी विजयी. दोन्ही भाकितं साफ चुकली होती, आणि परवाना रद्द झाल्याचा केळुसकरांचा निरोपही आला. चारुताला रडू फुटलं. एक आकडा बोलली असती, तर बाई आल्या असत्या.

"डोळे पूस," सुलभाबाई तिच्या खांद्यावर हात टाकून म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलून आला होता. "अगं, मी निवडून येणार हे माहीत नसताना एवढ्या माणसांनी मला मत दिलं! डिपॉझिट परत घ्यायला कुठं जायचं, ते विचारून ये बघू. मला सवय नाही."

तेवढ्यात साहेब बाहेर आले. कार्यकर्ते गुलाल घेऊन धावले, सोबत बूथवार आकडेही. "सायेब, कोंढवलीनं घात केला. आख्ख्या गावात एकोनीस मतं!"

"गाडी काढ. कोंढवलीला जायचंय."

"आत्ता? सायेब, मिरवनूक हाय!"

"मिरवनूक ऱ्हाऊ दे. सहाशे बारा मतं म्हंजे एका लग्नाचं वऱ्हाड बी न्हाई." साहेब गाडीपाशी थांबले. त्यांची नजर चारुताकडं गेली. "म्याडम, पुढच्या खेपंला काय हुईल?"

"सांगता येणार नाही, साहेब."

"म्हाईत हाय," ते दार उघडत म्हणाले. "म्हणून तर निघालोय."