सत्तेचाळिसावी चौकट

हसू नका, पण माझ्याच एका प्रोग्रॅममधली चूक मी चार वर्षं मुद्दाम दुरुस्त केलेली नाही.

लातूरजवळच्या मुरुडकडच्या एका कबरस्तानच्या कमिटीला मी नोंदींचा प्रोग्रॅम करून दिला होता. पडद्यावर नकाशा, प्रत्येक जागेला एक चौकट. तयार बटणं वापरली असती तर दोन दिवसांत काम उरकलं असतं, पण मला भारी हौस! चौकटी मी स्वतः घडवल्या. मोकळी जागा हिरवी, भरलेली लाल, आणि लाल चौकटीची लांबी मयताच्या मापावरून. तिथले मुज्तबाचाचा कबर खोदण्याआधी सुतळीने माप घेतात, ते मला फार भावलं होतं.

महिन्याभरात चाचांचा फोन आला. "ताहेरभाई, सत्तेचाळीस लाल दिसून राहिली. तिथं तर कुणीच न्हाई."

भर दुपारी लातूरहून गेलो. कमिटीच्या खोलीत कूलर घरघरत होता. खिडकीतून नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास येत होता. सत्तेचाळीस खरंच लाल होती, आणि बाकीच्यांपुढे अगदी एवढीशी.

"एवढं माप तान्ह्या लेकराचं असतंय," चाचा हळूच म्हणाले.

नोंद उघडली, तर रिकामी. मग रंग येतो कुठून? प्रोग्रॅम मध्येच थांबवून मी चौकटीच्या आत पाहिलं. तिथे नाव होतं, मनतशा.

चाचणीसाठी काहीतरी नाव हवं म्हणून ते मीच टाकलं होतं. मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून माझ्या बायकोने, जाहिदाने, आणि मी ठरवलेलं नाव. पुढे नोंदीतून पुसलं, पण चौकटीच्या आत ते तसंच जतन होऊन राहिलं. असला गाढवपणा आम्ही प्रोग्रॅमवालेच करू जाणे. माप मात्र मी कधीच टाकलं नव्हतं. जाहिदा नांदेडला माहेरी होती, सातवा महिना चालू होता.

"जित्या माणसाचं नाव घातलं का तुमी?"

"अजून जन्मलीसुद्धा नाही, चाचा..."

मी नाव पुसलं. चौकट हिरवी झाली. तेवढ्यात फोन वाजला.

"अजी," जाहिदाचा आवाज कापत होता, "सकाळपासून लाथा मारून राहिलं होतं बाळ... आत्ता एकदम गप झालं. हलतच न्हाई..."

फोन कानाशी धरूनच मी नाव पुन्हा लिहिलं. चौकट लाल झाली.

"हललं!" जाहिदा रडत हसली. "हललं बगा..."

चाचांनी पडद्यावर रुमाल टाकला.

मनतशा आता चार वर्षांची होईल. दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला मी तिला दाराशी उभी करून सुतळीने मोजायचो, मग चाचांना फोन लावायचो. ते चौकटीवरचं माप वाचून दाखवायचे. दर वेळी तेवढंच निघायचं. पोर वाढायची, तशी चौकटही वाढायची. वाढत होती तोवर मी सुखात होतो.

गेले तीन महिने चाचा एकच आकडा सांगत आहेत. कॉम्प्युटर जुना झालाय, म्हणतात.

मी तीन महिने मनतशाला मोजलेलं नाही. आज ती स्वतःच सुतळी घेऊन आली, माझ्या हातात दिली आणि दाराला पाठ टेकवून, मान ताठ करून उभी राहिली.

"अब्बा, मोजा की!"

सुतळी अजून माझ्या हातातच आहे.