बर्फावर थांबायचं नसतं

"पट्टा काढा, बाई. आणि दाराची कडी सैल ठेवा."

गाडीच्या काचेवर टकटक करून तो खाली वाकला, तेव्हा मला आधी दिसल्या त्याच्या भुवया. हिमानं पांढऱ्याशुभ्र झालेल्या, एखाद्या म्हाताऱ्याच्या असाव्यात तशा. त्यांच्याखालचे डोळे मात्र तरुण होते... आणि हसरे.

"पट्टा लावलाय कुणी? मी किहनूची आहे."

"म्हणजे बेटावरच्या लोकांना बर्फाखाली पोहता येतं वाटतं?"

"नाही. गाडीतून उडी मारता येते."

तो इतक्या मोठ्यानं हसला, की फाटकावरचे कावळे उडाले. मला माझंच नवल वाटलं. शरद ऋतूत आई गेली, तेव्हापासून मी कुणाला असं उलट उत्तर दिलं नव्हतं. माझा गडद निळा घागरा पाहून बेटावरच्या कुणालाही कळलं असतं, की या घरात मरण झालंय. त्याला कळलं नाही. बरं वाटलं.

समुद्र गोठून बोट बंद झाली, की बेटाचं टपाल आणायला मी रोज बर्फावरून गाडीनं मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर जाते. परतताना बर्फाच्या रस्त्याला फाटक लागतं; तिथे यंदा पहारेकरी हा तानेल होता. पुढची गाडी बर्फावर पुरेशी लांब गेल्याशिवाय मागचीला सोडायचं नाही, असा नियम. ती लांब जाईपर्यंत जो वेळ मिळायचा, तेवढाच आमचा.

मला कधी उशीर करून चालत नसे. देवळात देवमातेच्या तसबिरीपुढे रोज सांजदिवा लावायचं आईचं व्रत आता माझ्याकडे आलं होतं. दिवा लागला की घर. आणि घरात मी... एकटी. पण हिवाळा कसाही निघतो. मला धास्ती होती ती बर्फ फुटण्याची. तेव्हा रस्ता नसतो, बोटही नसते, आणि समुद्र रात्रंदिवस कण्हत असतो. दरवर्षी आई नि मी एका पांघरुणात शिरून तो ऐकायचो. यंदा पांघरूण तेवढं होतं.

दुसऱ्या दिवशी तानेलनं खिडकीतून सायीनं भरलेला पाव पुढे केला. "आईनं केलाय. घ्या."

"नको."

मग एकदा धुरावलेला मासा. "नको." मग दूध घातलेली वाफाळती कॉफी. "नको..."

ईस्टरच्या आधीचे उपवास चालू होते; त्यात दूध-लोणी, मासे काही चालत नाही. एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण व्रत मनात ठेवावं, मिरवू नये, असं आईनं शिकवलेलं. माझ्या दर 'नको'ला त्याचं हसू थोडं थोडं विझत गेलं. मग एके दिवशी त्यानं काहीच पुढे केलं नाही. नुसता हात हलवला — जा. त्या दिवशी बर्फावरचा रस्ता संपता संपेना.

हा गुंता सोडवला रोझी मावशीनं. शेजारीण माझी, आवाज असा, की दीपस्तंभाला भोंग्याची गरज पडू नये. दाताच्या डॉक्टरकडे जायला ती माझ्याबरोबर आली होती. परतताना फाटकावर तिनं काच खाली केली.

"काय रे पोरा, परवापर्यंत हिला लोणी-दूध दाखवत होतास म्हणे? ईस्टरपर्यंत ही त्याला शिवायची नाही! उपास आहे तिचा!"

तानेल माझ्याकडे बघतच राहिला. "उपास? मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"मला वाटलं, मीच आवडत नाही."

"ते तिला विचार! मला काय सांगतोस? माझं लग्न झालंय."

मी हातातल्या स्टिअरिंगच्या चाकाकडे अशी बघत होते, जणू आयुष्यात पहिल्यांदाच चाक पाहतेय. कान मात्र पेटले होते.

दुसऱ्या दिवशी त्याच्या लोकरी हातमोज्यात शेगडीत भाजलेला गरम बटाटा होता.

"मीठ लावलंय. मीठ चालतं ना?"

"चालतं."

"आणि मी?"

बटाटा हाताला चटके देत होता. खाली ठेवावासा वाटेना. "पुढची गाडी लांब गेली," मी म्हणाले. "सोडा आता."

"हे उत्तर नाही झालं."

"माहीत आहे..."

उत्तर मी रोज उद्यावर टाकत राहिले, आणि एका सकाळी दक्षिणेचा वारा सुटला. दुपारपर्यंत बर्फावर पाणी चढलं. मी फाटकाशी आले तेव्हा तानेल हसत नव्हता.

"संध्याकाळी रस्ता बंद. उद्या आम्हांला दुसऱ्या कामावर पाठवतायत, खाली दक्षिणेला." मग हळूच म्हणाला, "आज इथेच राहा ना. आईनं जेवायला बोलावलंय. सगळं उपासाचं करणार आहे."

"दिवा लावायचाय."

"एक दिवस दुसरं कुणी लावेल."

मी मान हलवली. म्हणायचं होतं ते वेगळंच होतं — मला तिकडे एकटीला जायचं नाही. पण ते मनातच ठेवलं. आतापर्यंत सगळं असंच मनात राहत आलं होतं.

त्यानं फाटक उचललं. "मग जा, हेल्वी."

पहिल्यांदाच नावानं... आणि तेही निरोपाला.

चाकांखाली पाणी उडत होतं. वाटेच्या खुणेला रोवलेल्या फांद्या कलल्या होत्या. अर्ध्यावर आरशात दोन दिवे दिसले. रस्ता बंद करताना शेवटच्या गाडीमागून पहारेकऱ्यानं यायचं असतं, बर्फावर कुणी राहिलं नाही ना हे बघायला. तो होता. ठरलेलं अंतर राखून. थांबलं तर बर्फ गाडीखाली खचतो; मला थांबता येत नव्हतं, वळता येत नव्हतं. मी आरशाशी बोलत राहिले. जे जे राहिलं होतं ते सगळं बोलले.

किनाऱ्याला लागून मी उतरले. तोही आला. गाडी चालूच होती.

"आता फिरतो मागे. अंधार पडायच्या आत पोचायला हवं."

"तानेल, बर्फ फुटतो तेव्हा मला..."

"काय? वाऱ्यात ऐकू येत नाहीये, मोठ्यानं बोल!"

मी जन्मात आवाज चढवला नव्हता. प्रार्थनासुद्धा ओठांतल्या ओठांत.

"राहा!" मी ओरडले. "मला एकटीला भीती वाटते! आणि तू गेलास तर... नुसती भीतीच नाही वाटणार! रोझी मावशीकडे एक खोली रिकामी आहे!"

तो थबकला. "आणि बोट सुरू झाली की?"

"की तुझ्या आईकडे जेवायला जाऊ. दोघं."

त्यानं माझ्यावरची नजर न काढता खिशातून फोन काढून फाटकावरच्या जोडीदाराला लावला. "अर्वो? रस्ता रिकामा आहे. पाड फाटक." पलीकडचं ऐकून म्हणाला, "नाही रे... मी या बाजूला आहे."

मग खिडकीतून हात घालून त्यानं किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं, आणि लांबून, बर्फाच्या पोटातून, तो कण्हण्याचा आवाज आला. तानेल दचकून माझ्याजवळ सरकला.

"बाप रे! एवढा मोठा असतो?"

"हा तर लहान आहे," मी म्हणाले.